कान फुटतो तेव्हा डॉक्टर कुठे असतो?

माणसाच्या शरीरातले सर्वांत लहान हाड कानात असते. रिकीब हे त्याचे नाव. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, वजन तीन मिलिग्रॅमच्या आसपास. हातोडी आणि ऐरण ही आणखी दोन हाडे तिच्या जोडीला असतात. या तिघींची साखळी पडद्यापासून आतल्या कानापर्यंत गेलेली असते. या साखळीची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. आवाज येतो हवेतून, पण आतल्या कानात भरलेला असतो द्रव. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो, बाकीचा परत फिरतो. म्हणून सुमारे ५५ चौरस मिलिमीटर पडद्यावर गोळा झालेला जोर रिकिबीच्या तीन-सव्वातीन चौरस मिलिमीटर तळव्यावर आणून सोडायचा, आणि हाडांच्या तरफेने तो आणखी थोडा वाढवायचा, अशी योजना शरीराने केली आहे. दोन्हींचा गुणाकार केला की दाब जवळपास बावीस पट होतो. शेजारच्या खोलीतली कुजबूज आपल्याला ऐकू येते ती या बावीस पटीमुळे.

हा सारा कारभार ज्या पडद्याआड चालतो तो एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. जगातल्या गरीब वस्त्यांमध्ये तो पडदा लहानपणीच फाटतो आणि वर्षानुवर्षे फाटलेलाच राहतो.

आपल्याकडे त्याला ‘कान फुटला’ म्हणतात. पडद्याआडचा मधला कान आणि घशाचा वरचा भाग यांना जोडणारी एक नळी असते. मोठ्या माणसात ती उतरती आणि साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. लहान मुलात ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दीतले जंतू तिच्यातून सहज वर चढतात. मधल्या कानात पू साठतो, ठणका लागतो, मूल रात्रभर रडते आणि पहाटे पडदा फुटून पू बाहेर आला की शांत झोपते. बहुतेक पडदे त्यानंतर आपोआप भरून येतात. पण एका खोलीत सातआठ माणसे झोपणारी, चुलीचा धूर घरभर कोंडणारा, अंगावर मांस नसलेले मूल, एक सर्दी जाते न जाते तोच दुसरी, अशा घरात पडद्याला भरून यायला उसंतच मिळत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत राहिला की जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट आजार मानते. काही मुलांचे कान दहा-दहा वर्षे वाहतात.

या आजाराचा मोठा घात म्हणजे तो दुखत नाही. ठणका होता तो पहिल्या रात्रीपुरता. नंतर फक्त वास येतो, उशीवर डाग पडतो आणि शाळेत बाकावर शेजारी कोणी बसत नाही. मूल शिक्षकांच्या हाकेला ओ देत नाही, मग ते मंद किंवा उद्धट ठरते. दुखत नसलेल्या कानासाठी रोजंदारी बुडवून तालुक्याला कोण जाणार? घरी इलाज होतो तो कोमट तेलाचा, पाल्याच्या रसाचा, कुठे आईच्या दुधाचा. पडदा शाबूत असलेल्या कानात तेलाचा थेंब फारसे काही बिघडवत नाही. फाटक्या पडद्यातून मात्र ते थेट मधल्या कानात उतरते आणि ओल टिकवून ठेवते. मळ काढायला तेल हवे, ही समजूतही तशी निराधारच. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला अगदी सावकाश, साधारण नख वाढते त्या गतीने, सरकत असते आणि मळ स्वतःबरोबर घेऊन येते. 

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात वाहत्या कानांच्या रुग्णांचा अंदाज साडेसहा कोटी ते ३३ कोटी इतका सैल दिला होता. अंदाज असा सैल असणे हेच पुष्कळ काही सांगते, कारण मोजणारा माणूसच जागेवर नव्हता. त्यांच्यापैकी ६० टक्क्यांना लक्षणीय कमी ऐकू येते, असे त्यात म्हटले होते. २०१२ सालच्या एका जागतिक आढाव्याने दर वर्षी ३ कोटी १० लाख नवे रुग्ण होतात असे काढले, आणि कानाचा संसर्ग मेंदूकडे सरकल्यामुळे होणारे मृत्यू वर्षाला सुमारे २१ हजार असावेत असेही. कानाच्या दुखण्याने माणूस मरतो हे शहरातल्या वाचकाला खरे वाटणार नाही. पण कानामागचे हाड कुजून पू मेंदूपर्यंत पोचण्यात अंतर असते ते काही मिलिमीटरचेच.

यावर पहिला उपाय इतका साधा आहे की तो सांगताना डॉक्टरलाही संकोच वाटावा. स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या मऊ कापडाची वात वळायची, कानात ठेवायची, भिजली की काढून दुसरी घालायची आणि कान कोरडा होईपर्यंत हे करत राहायचे. दिवसातून तीनदा. अंगणवाडी ताईला किंवा आईला हे पाच मिनिटांत शिकवता येते. पण नुसत्या वातीने भागते का? याचे उत्तर केनियातल्या शाळकरी मुलांनी दिले. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांचे तीन गट होते. ज्यांचे कान नुसते कोरडे केले त्यांच्यापैकी २२ टक्के मुलांचे कान वाहायचे थांबले. ज्यांना काहीच उपचार दिले नव्हते, त्यांच्यातही २२ टक्केच. कोरडे करण्याबरोबर औषधेही दिली तेव्हा हा आकडा ५१ टक्क्यांवर गेला. पुढे २००५ साली केनियातच बोरिक ॲसिडचे थेंब आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब यांची तुलना झाली. दोन आठवड्यांत बोरिक ॲसिडने ३२ टक्के कान कोरडे झाले, सिप्रोफ्लॉक्सासिनने ५९ टक्के. म्हणजे वात हवीच, पण ती थेंबांना वाट मोकळी करून देण्यासाठी. पुवाने भरलेल्या कानात थेंब टाकले तर ते पुवावरच तरंगतात. आज जागतिक आरोग्य संघटना वात आणि क्विनोलोन गटाचे थेंब हे दोन्ही मिळून दोन आठवडे करायला सांगते. थेंबांची बाटली महाग नसते. ती टाकायला सांगणारा मात्र कोणीतरी लागतो.

इथे प्रश्न येतो माणसांचा. केप टाउन विद्यापीठाचे कान-नाक-घसा शल्यविशारद योहान फेगन यांनी २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील देशांमधल्या कान-नाक-घसा सेवेची पाहणी प्रसिद्ध केली. तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, सगळ्यांचाच दुष्काळ. २०१७ मध्ये मलावीचे डॉ. वाकिसा मुल्वाफू आणि फेगन यांनी तीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा मधल्या वर्षांत फारसे काही हलले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात हेच जगाच्या पातळीवर आले आहे. अल्प उत्पन्नाच्या देशांपैकी सुमारे ७८ टक्के देशांत दहा लाख लोकांमागे एकही कान-नाक-घसा तज्ज्ञ पुरता येत नाही, आणि श्रवणतज्ज्ञांच्या बाबतीत हे प्रमाण ९३ टक्के देशांपर्यंत जाते. फेगन यांनी पाहणीवर न थांबता आणखी एक काम केले. कान, नाक, घसा आणि मान यांच्या शस्त्रक्रिया पायरीपायरीने दाखवणारा सचित्र ग्रंथ त्यांनी इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला केला. वैद्यकीय पुस्तकांच्या किमती पाहिलेल्या कोणालाही या औदार्याची किंमत वेगळी सांगायला नको.

थेंबांनी कान कोरडा होतो, पण जुने भोक बहुधा उरते. ते बुजवायला शस्त्रक्रिया लागते. कानाच्या वरच्या बाजूला, कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ पापुद्रा असतो. त्याचा तुकडा काढून पडद्याच्या जागी बसवायचा, की त्याच्या आधाराने नवा पडदा धरतो. १९२१ मध्ये स्टॉकहोमच्या कार्ल-ओलोफ नीलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. १९५० च्या दशकात जर्मनीतल्या वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी मधल्या कानाची दुरुस्ती शास्त्रशुद्ध केली. त्यामुळे ही शस्त्रक्रिया जगभर रुळली. पण तिच्यासाठी सूक्ष्मदर्शक, भूल, निर्जंतुक खोली आणि कसलेला हात एका ठिकाणी यावे लागतात. जिल्ह्याच्या गावातही हे चारही एकत्र मिळतीलच असे नाही.

मग दवाखान्यालाच चाके लावली तर? १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ निघाली, ती थेट तेव्हाच्या बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या खलारीला. रेल्वेच्या डब्यांमध्ये शस्त्रक्रियागृह थाटलेले ते रुग्णालय. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने ते उभारले आणि डबे व इंजिन रेल्वेने दिले. गाडी एखाद्या आडवळणाच्या स्थानकाच्या बाजूच्या रुळावर काही आठवडे उभी राहते आणि डॉक्टर आपापल्या शहरांतून तिथे येऊन विनामोबदला काम करतात. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय आणि फाटलेले पडदे, असे आळीपाळीने एकेका आजाराचे दिवस लागतात. बांगलादेशात रेल्वेपेक्षा नद्या जास्त, म्हणून तिथे १९९९ पासून ‘जीबन तरी’ नावाचे तरंगते रुग्णालय हेच काम करते.

अशा शिबिरांचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड होते. डोळ्यातला मोतीबिंदू काढला की दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि दिसू लागते. कानाचे तसे नाही. बसवलेला पडदा धरला की नाही हे कळायला आठवडे जातात. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचे नसते, सर्दी अंगावर काढायची नसते, आणि एवढ्यात गाडी पुढच्या गावी गेलेली असते. म्हणून मला नेपाळचा प्रयोग अधिक टिकाऊ वाटतो. पोखराजवळचे ‘ग्रीन पाश्चर्स’ हे १९५७ सालचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय. तिथे २०१५ मध्ये कायमचे कर्णकेंद्र सुरू झाले. डोंगराळ जिल्ह्यांत भरणाऱ्या शिबिरांना त्याचा कायमचा आधार मिळाला आणि पडदा नीट न धरलेल्या रुग्णाला परत येण्याचे एक ठिकाणही.

आतापर्यंत झाली ती मधल्या कानाची गोष्ट, जिथे निदान ठिगळ लावता येते. आतल्या कानात ती सोय नाही. तिथल्या अडीच वेढ्यांच्या शंखात सुमारे १५-१६ हजार केसपेशी असतात. जन्माला येताना तेवढ्याच मिळतात आणि गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. गंमत अशी, की कोंबडीच्या पिलात ती उगवते. १९८०च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांच्या हे लक्षात आले. तेव्हापासून सस्तन प्राण्यांनी ही देणगी का गमावली याचा शोध चालू आहे. तो लागेपर्यंत एकच मार्ग उरतो, केसपेशी मरूच द्यायच्या नाहीत.

या लढाईतला एक मोठा विजय पुण्यात बनलेल्या लशीने मिळवून दिला, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत ‘मेनिन्जायटिसचा पट्टा’ पसरला आहे. डिसेंबरनंतर वाळवंटाकडून धुळीचे कोरडे वारे सुटले की तिथे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची साथ येते. वाचलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला कायमचे व्यंग राहते आणि त्यात बहिरेपणा ठळकपणे असतो. जंतू मेंदूभोवतीच्या द्रवातून आतल्या कानात शिरतात, केसपेशी मारतात, आणि काही वेळा सगळा शंखच हाडाने भरून टाकतात. मग तिथे शस्त्रक्रियेने बसवायच्या कर्णरोपणाची (कॉक्लियर इम्प्लांटची) तार घालणेही अवघड होते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार मेले.

त्या धक्क्यानंतर आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मागणी केली ती टिकाऊ लशीची, आणि किंमत एका मात्रेला ५० सेंटच्या आत ठेवण्याची. त्याहून महाग लस त्यांच्या सरकारांना परवडणार नव्हती. मोठ्या कंपन्यांना या भावात रस नव्हता. २००१ मध्ये ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून प्रकल्प उभा केला. त्याचे सूत्रधार होते डॉ. मार्क लाफोर्स. जंतूच्या आवरणातला साखरेसारखा रेणू प्रथिनाला जोडण्याची युक्ती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी दिली. तो रेणू प्रथम ॲम्स्टरडॅमहून आला. धनुर्वाताचे प्रथिन आणि कारखाना पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली आणि १ ते २९ वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना अवघ्या दहा दिवसांत लस टोचून झाली. पुढच्या वर्षांत हा आकडा तीस कोटींच्या पुढे गेला. २०१२ मध्ये आणखी एक मोलाची परवानगी मिळाली. ही लस ४० अंश तापमानापर्यंत चार दिवस बर्फाशिवाय नेता येईल असे सिद्ध झाले आणि बेनिनमध्ये ती तशी नेण्यातही आली. वीज नसलेल्या खेड्यात बर्फाच्या पेट्या ओढत न्याव्या लागल्या नाहीत. जंतूच्या ज्या ‘अ’ प्रकाराने एवढा हाहाकार केला आणि ज्याच्याविरुद्ध ही लस होती, तो आज त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. जंतूचे दुसरे प्रकार शिल्लक होते. त्यांच्यासह पाच प्रकारांवर चालणारी नवी लसही पुण्याचीच आहे, आणि नायजेरियाने ती २०२४ मध्ये सर्वांत आधी स्वीकारली.

एवढे बहिरेपण टळले, पण ते कुठल्याच कान-नाक-घसा विभागाच्या खात्यावर जमा झाले नाही. टळलेल्या आजाराचा केसपेपर नसतो.

रुबेलाचेही तसेच आहे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला हा किरकोळ ताप-पुरळ येऊन गेला, तर बाळाच्या डोळ्यांवर, हृदयावर आणि कानांवर घाला पडतो. ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हा संबंध उघड केला. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच ठिकाणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात आली. तेव्हा मोबाइलवरून अफवा फिरल्या आणि काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवले नाही. ती लस बहिरेपणाविरुद्धही आहे, हे त्या वेळी ठासून सांगायला हवे होते असे मला वाटते.

औषधांनी होणारे नुकसान मात्र आपणच ओढवून घेतलेले असते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर कॅनामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शने महिनोन्महिने दिली जात. ती केसपेशी मारतात. आधी उंच स्वर जातात, म्हणजे स, श, फ अशी व्यंजने विरतात आणि बोलणे अर्धवट ऐकू येऊ लागते. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये या इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिनच्या गोळ्या देण्याचे धोरण सर्वांआधी स्वीकारले. जीव वाचला पण कान गेले, असे म्हणण्याची पाळी आता कमी रुग्णांवर येते.

आणि कान गेलेच, तर? ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल अशांपैकी जगात १७ टक्केच लोक ते वापरतात. यंत्र कोणीतरी दान देतो, पण बटणाएवढा सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो, आणि नवा सेल जिल्ह्याच्या गावीही मिळत नाही. बोट्स्वानातल्या ओत्से गावात हॉवर्ड वाइनस्टाइन यांनी उन्हावर भारित होणारे सेल आणि चार्जर बनवायला सुरुवात केली. बारीक डाखकाम करणारे कामगार स्वतः कर्णबधिर होते. आफ्रिकेत ऊन काही कमी नाही. आपल्याकडेही नाही.

लहान मुलाच्या बाबतीत मात्र वेळ दवडून चालत नाही. पहिल्या काही महिन्यांत कानावर शब्द पडले नाहीत तर भाषा शिकण्याची मेंदूची तयारीच मागे पडते. म्हणून बाळाने प्रतिसाद देण्याची वाट न पाहता त्याच्या मेंदूतले विद्युत्‌संकेत तपासणारी यंत्रे आली. ती महाग असतात आणि शांत खोली मागतात. बंगळूरूच्या ‘सोहम’ या कंपनीने गोंगाट असलेल्या प्रसूतिगृहातही चालेल असे स्वस्त यंत्र २०१७ मध्ये आणले. शाळेतल्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाच्या डी वेट स्वानेपुल यांनी मोबाइलवर चालणारी तपासणी तयार केली. खोलीत आवाज फार असेल तर ती तसे सांगतेही. दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई हे काम करू शकते.

आपल्याकडे यासाठी एक सरकारी दार उघडे आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा. तपासायच्या आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा, कमी ऐकू येणे आणि वाहणारा कान हे तिन्ही आहेत. दोष आढळला तर पुढचे उपचार, शस्त्रक्रिया धरून, मोफत मिळतात. पथक गावात येते तेव्हा वजन-उंची मोजून होते, दात पाहून होतात; कान मात्र राहून जाऊ शकतो. तुमच्या घरात, वस्तीत, शेजारी एखाद्या मुलाचा कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, तर त्याला त्या दिवशी शाळेत जरूर पाठवा, ‘याचा कान बघा’ असे पथकाला तोंडाने सांगा, आणि तोवर त्या कानात तेल घालू नका.